ओळख नसलेल्या माणसाशी आपण कसे वागतो?

महालकर

सौजन्य कमी झाले, ही तक्रार प्रत्येक पिढीने आपल्या पुढच्या पिढीबद्दल केलेली आहे आणि ती जशीच्या तशी पुन्हा मांडण्यात मला फारसा रस नाही. मला विचारायचे आहे ते थोडे निराळे आहे. नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागातल्या एखाद्या जुन्या घरी आजही भर दुपारी कोणी गेले, तर कूलर सुरू होण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, 'जेवूनच जा' असा आग्रह होतो आणि निघताना यजमान फाटकापर्यंत पोचवायला येतात. हेच यजमान तासाभराने बडकस चौकात गाडी घेऊन उतरले, की समोरच्या म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडू देत नाहीत, हॉर्नवरचा अंगठा काढत नाहीत आणि कोणी काही बोललेच, तर त्याची आई-बहीण काढायला कमी करत नाहीत. माणूस तोच आहे आणि संस्कारही तेच आहेत. मग घरातले सौजन्य चौकापर्यंत का पोचत नाही?

मला सुचलेले उत्तर असे, की आपले सौजन्य ओळखीच्या आधाराने उभे होते. महाल, इतवारी, सीताबर्डी, धरमपेठ एवढ्यात शहराचा बहुतेक व्यवहार उरकत असे, तेव्हा चौकात भेटणारा माणूस कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी भाडेकरू किंवा कोणाचा तरी विद्यार्थी निघत असे आणि त्याच्याशी उद्धटपणे बोललेले संध्याकाळपर्यंत आपल्या घरी पोचत असे. 'अमक्यांचा मुलगा ना तू?' या एका प्रश्नात जेवढा धाक होता, तेवढा आज वाहतूक पोलिसाच्या शिटीत नाही. आता शहर बेसा, मनीषनगर, वाठोडा आणि हिंगण्याच्या दिशेने पसरले आहे. उन्हाळ्यात तर हेल्मेट आणि दुपट्टा यांच्या आड कोण आहे, हे सख्ख्या शेजाऱ्यालाही कळत नाही. ओळख गेली, आणि तिच्या धाकाने टिकलेले वागणेही गेले.

उदाहरण म्हणून खर्ऱ्याचे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे घ्या, कारण नागपूरच्या सौजन्याबद्दल बोलायचे आणि खर्रा वगळायचा, हे ढोंग ठरेल. सिग्नलला गाडी थांबते, चालकाच्या बाजूचे दार वीतभर उघडते, एक डोके खाली झुकते, डांबरावर लाल पिचकारी पडते आणि दार पुन्हा बंद होते. गाडी आतून स्वच्छ राहिली, याचे समाधान चालकाला असते. शेजारी उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या मुलीच्या सलवारीवर शिंतोडे उडाले, हे त्याच्या गावीही नसते. हाच गृहस्थ कोणाच्या दिवाणखान्यात बसलेला असला, तर तोंडातला खर्रा सांभाळत, खुणांनी बोलत, बाहेर जाण्याची संधी शोधत राहील. रस्त्यावरच्या माणसाला तो माणूस म्हणून मोजतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याच्या उलट एक अनुभव मेट्रोचा आहे. मार्च २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली, तेव्हा लोक नव्याने बांधलेल्या घराच्या वास्तुशांतीला आल्यासारखे डब्यात वावरत होते. पुढे सवय झाली आणि आता सीताबर्डीच्या स्थानकावर, जिथे दोन्ही मार्गिका भेटतात, उतरणाऱ्यांना वाट देण्याआधीच चढणारे आत घुसतात. मोबाइलवरचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावून सगळ्या डब्याला ऐकवणे, हाही आता नित्याचा भाग झाला आहे. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डब्यात कोणी थुंकत नाही. स्थानकाबाहेरच्या दुभाजकावर थुंकणारा माणूस सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवताच सावध होतो आणि परत रस्त्यावर उतरला, की पुन्हा पहिल्यासारखा होतो. म्हणजे आपल्याला वागता येत नाही असे नाही, कुठे वागायचे आणि कुठे नाही याची यादी आपण मनात ठरवून ठेवलेली आहे, आणि रस्ता त्या यादीत नाही.

कायद्याने हे सुधारेल, असे मानणाऱ्यांसाठी सांगतो, की कायदा आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. या हिशेबाने रुग्णालयांनी गजबजलेली आमची धंतोली शहरातली सर्वांत शांत वस्ती असायला हवी होती. तिथे संध्याकाळी सातच्या सुमारास एकदा उभे राहून पाहावे, याहून जास्त मी काही लिहीत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की अनोळखी माणसाशी नीट वागण्याची रीत आपल्याकडे होती आणि ती गेली, की ती कधी नव्हतीच? आपापल्या अनुभवांतून लिहावे, ही विनंती.


लक्ष्मीनगरची वाचक

निरीक्षणे पटली, परंतु आपण नागपूरच्या उन्हाला आरोपींच्या यादीत घेतले नाही, याचे नवल वाटले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे असताना चौकात उभ्या असलेल्या माणसाकडून संयमाची अपेक्षा करणे, हा त्याच्यावर अन्यायच आहे. काही चौकांत सिग्नलजवळ हिरव्या जाळीचे छत घालतात, तेव्हा त्या सावलीखाली थांबण्यासाठी लोक रांगेतल्या रांगेत कसे जागा करून देतात, हे मी पाहिले आहे. एक दुचाकीस्वार थोडा पुढे सरकतो, मागच्या बाईंच्या कडेवरचे मूल सावलीत येते आणि कोणी कोणाशी एक शब्दही बोलत नाही. तेव्हा चौकात फक्त हॉर्न आणि खर्राच असतो, असे नाही.

माझी तक्रार रस्त्याबद्दल कमी आणि दिवाणखान्याबद्दल जास्त आहे. घरातले सौजन्य शाबूत आहे, असे आपण गृहीत धरलेले दिसते. आमच्याकडे आलेले पाहुणे, चांगले शिकलेले, नात्यातले, मोबाइल मांडीवर ठेवून बसतात. मी बोलत असताना त्यांचा अंगठा पडद्यावर फिरत असतो आणि मध्येच ते हसतात, ते माझ्या बोलण्यावर नसते. पोह्यांची बशी हातात दिली, तर मान वर न करता ती घेतली जाते. लग्नाला बोलवायला पूर्वी लोक अक्षता घेऊन दारी येत. आता पत्रिकेचे चित्र मोबाइलवर येते आणि त्याखाली 'हेच आमंत्रण समजावे' असे वाक्य असते. शहर लांबवर पसरले, वेळ नाही, हे मला कळते. पण मग लग्नाला गेले नाही म्हणून रुसण्याचा अधिकारही त्यांनी सोडायला हवा.


इंदोऱ्याहून

धागाकर्त्यांचा शेवटचा प्रश्न योग्य आहे, परंतु त्याचे उत्तर त्यांच्या पहिल्याच परिच्छेदात दडलेले आहे आणि तिकडे त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. जुन्या घरातला पाण्याचा तांब्या पुढे येत असे, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच आहे, की तो कोणापुढे येत असे. माझे आजोबा कामानिमित्त अशा घरी जात, तेव्हा त्यांना अंगणात उभे राहून ओंजळ धरावी लागे आणि पाणी वरून ओतले जाई. चहाचा कप निराळा असे, तो भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घालून ठेवलेला असे आणि पिऊन झाल्यावर आजोबांनाच धुवावा लागे. त्या घरचे लोक आजोबांशी मोठ्या आवाजात किंवा तुसडेपणाने बोलत नसत. अतिशय मृदू बोलत. सौजन्याच्या व्याख्येत मृदू बोलणे पुरेसे असेल, तर ते घर आदर्शच म्हणावे लागेल.

ज्या देशात सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारोंना चालत जावे लागले आणि पाणी प्यायल्याबद्दल मार खावा लागला, तिथे 'पूर्वी माणुसकी होती' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी थोडे थांबायला हवे. पूर्वी होता तो मान होता. तो जातीला, वयाला, पैशाला आणि खुर्चीला होता. अजूनही आहे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तरी डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत आपले शहर कोणत्या गाडीसाठी बाजूला होते आणि कोणत्या गाडीला अडवते, ते आपण सगळेच पाहतो.

ओळख नसलेल्या माणसाशी सौजन्याने वागण्याची रीत नागपुरात पाहायची असेल, तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास यावे. लाखो लोक येतात. कोणी गडचिरोलीचा असतो, कोणी मराठवाड्याचा, कोणी थेट उत्तर प्रदेशातून आलेला असतो. रात्रीच्या गाडीने उतरलेली बाई रस्त्याच्या कडेला चादर अंथरून बसते, शेजारची बाई विचारल्याशिवायच सरकते आणि थोड्या वेळाने दोघींच्या शिदोऱ्या एकत्र उघडलेल्या असतात. ठिकठिकाणी भोजनदानाचे मंडप असतात आणि तिथे वाढणारा कोणाला आडनाव विचारत नाही. पुस्तकांच्या दुकानांपुढे एवढी दाटी असते, की हात पुढे नेणे कठीण, तरीही मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावरून पैसे देतो आणि पुस्तक हातोहात मागे जाते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या लोकांनी हे शिकून घेतले, कारण ज्याला पाण्यावरून हाकलले गेले आहे, त्याला अनोळखी माणसाला पाणी विचारण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.


महालकर

आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. तो माझ्या मांडणीला छेद देतो, असे वरवर दिसते. मला मात्र तो ती मांडणी पुढे नेणारा वाटला. ओळखीवर उभे असलेले सौजन्य हे मुळातच निवडक असते, आणि ओळख कोणाशी ठेवायची, हे तर आपल्याकडे जन्मानेच ठरत होते. म्हणजे जे 'गेले' म्हणून आपण हळहळतो, ते सार्वजनिक सौजन्य नव्हतेच. मग शहराने ते हरवले म्हणण्यापेक्षा शहराला ते अजून कमवायचे आहे, असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल. तेव्हा पुढची चर्चा हळहळीपेक्षा कमाईच्या अंगाने व्हावी.


निवृत्त खिडकी

माझे आयुष्य एका बँकेच्या काउंटरमागे गेले. तेव्हा या विषयावर खिडकीच्या आतल्या बाजूने थोडे लिहितो. बाहेरच्यांना वाटते, की आतला माणूस मुद्दाम तुसडा असतो. काही जण मुद्दाम तसे असतात, हे मी नाकारत नाही. परंतु बहुतेक वेळा त्यामागे एक साधे गणित होते. खिडकीतल्या माणसाच्या हातात अडवण्याची ताकद होती, आणि जिथे एकाला दुसऱ्याशिवाय चालत नाही, तिथे ज्याला चालते, तो उर्मट होतो. पासबुक भरून घ्यायला आलेली म्हातारी 'साहेब, साहेब' करत उभी राही आणि आमचे काही सहकारी तिच्याकडे न पाहता शेजाऱ्याशी सुनेच्या बाळंतपणावर बोलत राहत. याला मी उद्धटपणा म्हणेन, आणि तो १९८० च्या दशकातला आहे. ज्यांना ते दिवस सौजन्याचे वाटतात, ते बहुधा खिडकीच्या आतले असावेत, किंवा त्यांची आत ओळख असावी.

मग यंत्रे आली. एटीएम आले, २०१६ पासून यूपीआय आले आणि खिडकीपुढची रांग ओसरली. अडवण्याची ताकद गेली, तसा तुसडेपणाही पुष्कळ कमी झाला. हा फायदा मोठा आहे आणि तो मोजायला हवा. दाखल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आला, अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत देण्याचे बंधन आले, न मिळाल्यास अपिलाची सोय झाली. अधिकाऱ्याची मर्जी राखण्याची गरज तेवढ्यापुरती संपली. गरजेपोटी केलेल्या लाचारीला आपण पूर्वी नम्रता म्हणत होतो, ती गेली तर मला दुःख नाही.

दुःख आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात आता पैसे दिले, की गल्ल्याजवळची पेटी बोलते, 'प्राप्त हुए'. दुकानदार मान वर करत नाही, गिऱ्हाईक तोंड उघडत नाही. पूर्वी सुट्ट्या पैशांवरून जी हुज्जत होई, त्या हुज्जतीतूनच 'बाकी नंतर द्या काका, कुठे पळून चाललात' हे वाक्य येत असे. त्या उधारीच्या दोन रुपयांनी माझी आणि त्याची ओळख टिकवून ठेवली होती. आता व्यवहार चोख झाला आहे आणि आम्ही दोघेही एकमेकांचे काही लागत नाही.


आठवी मैल

तरुण पिढीला शिष्टाचार नाही, असे कोणी अजून लिहिलेले नाही, हे पाहून बरे वाटले, पण ते येणारच आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मी रोज मेट्रोने लोकमान्यनगरच्या बाजूला जातो. रांग मोडून पुढे घुसणारे, 'मला फक्त एकच विचारायचे आहे' म्हणून खिडकीत हात घालणारे, आरक्षित जागेवर बसलेल्या गर्भवती बाईला वय सांगून उठवू पाहणारे हे मी पाहिलेले बहुतेक लोक पन्नाशीच्या पुढचे आहेत. अपघात झाला, तर थांबणारी, रक्त लागले, तर मध्यरात्री निघणारी मुले वीस-बावीसची असतात. त्यांना वाकून नमस्कार करण्याची सवय नसेल, हे कबूल. पण कोणाचा रस्ता अडवण्याचीही नसते.


पार्सल घेऊन येणारा

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फावल्या वेळात घरोघरी पार्सल पोचवतो. आपण सगळे ज्या दारांच्या आत राहता, त्या दारांच्या बाहेर मी उभा असतो, तेव्हा तिथून काय दिसते, ते सांगतो.

बऱ्याच इमारतींत आम्हाला मोठ्या लिफ्टने जाऊ देत नाहीत. फाटकावरचा चौकीदार, जो स्वतः आमच्यासारखाच पोटासाठी आलेला असतो, मागच्या बाजूची लिफ्ट दाखवतो. ती बंद असली, तर जिना असतो. एका इमारतीत 'पाळीव कुत्री, कचरा व डिलिव्हरी बॉय यांनी या लिफ्टचा वापर करू नये' अशी पाटी होती. अक्षर सुंदर होते, चांगल्या पेंटरकडून रंगवून घेतलेली होती. मी तिचा फोटो काढला, तर खाली कोणीतरी ओरडले, की फोटो काढण्याची परवानगी नाही.

दार उघडल्यावर पार्सल घेतले जाते, ओटीपी सांगितला जातो आणि दार लागते. दार लावताना ते आपटले जाते असे नाही, हळूच लावतात. समोर कोणी उभे आहे, हे मात्र त्यांच्या डोळ्यांत उमटत नाही. मे महिन्यात पाणी विचारणारी घरे असतात, आणि ती कोणत्या भागात जास्त असतात, हे लिहिले, तर काही जणांना राग येईल. एवढेच सांगतो, की ज्या घरांत लिफ्ट नसते, तिथे पाणी बहुधा मिळते. चौकातल्या पाणपोया आमचा खरा आधार आहेत. लाल फडक्यात गुंडाळलेला रांजण, साखळीने बांधलेला पेला, आणि तो भरून ठेवणाऱ्याचे नाव कोणालाही माहीत नसते.

आम्हीही फार सभ्य असतो, असा दावा मी करत नाही. उलट्या दिशेने गाडी मीही घालतो. वेळेत पोचलो नाही, तर गुण कापले जातात आणि रोजची कमाई त्या गुणांवर ठरते. वाट देण्यासाठी जो एक क्षण थांबावे लागते, त्या क्षणाचे पैसे माझ्या खिशातून जातात.


रामटेककर मास्तर

शेवटच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण त्याला एका प्रसिद्ध प्रयोगाचा आधार आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी निवडले. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण द्यायचे होते. काहींना विषय दिला होता तो बायबलमधल्या, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या गोष्टीचा. वाटेत एक माणूस खोकत, वाकून पडलेला असे, आणि तो प्रयोगाचाच भाग होता. ज्यांना घाई नव्हती, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झाला आहे, लवकर जा' असे सांगितले होते, त्यांच्यापैकी १० टक्केच थांबले. परोपकाराच्या गोष्टीवर भाषण द्यायला निघालेले विद्यार्थीही घाईत असले, तर त्या माणसाला वळसा घालून गेले. डोक्यात कोणता विचार आहे, यापेक्षा घड्याळात किती वाजले आहेत, याने त्यांचे वागणे ठरवले.

याचा अर्थ घाई हे निमित्त म्हणून स्वीकारावे, असा मी काढत नाही. धागाकर्त्यांच्या बडकस चौकातल्या गृहस्थांना बहुधा घाई नसतेच. ते घरी जाऊन वामकुक्षी घेणार असतात. परंतु दहा मिनिटांत भाजी हवी, असे म्हणणारे गिऱ्हाईक आणि रस्त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या मुलाला शिव्या घालणारा चालक ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते, याचा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट शहराच्या स्वभावाची. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये मांडले होते, की छोट्या गावात माणूस भेटणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ओळखतो, पण महानगरात क्षणोक्षणी इतके चेहरे समोर येतात, की प्रत्येकाला मनापासून प्रतिसाद द्यायचा म्हटले, तर माणूस मोडून पडेल. म्हणून शहरी माणूस अलिप्तपणाचे कवच घालतो. हा अलिप्तपणा उद्धटपणा नव्हे. मुंबईच्या लोकलमध्ये कोणी कोणाशी गोड बोलत नाही, पण चौथ्या सीटसाठी लोक सरकतात, दारातल्या बाईची पिशवी हातोहात रॅकवर जाते. नागपूर सध्या मधल्या अवस्थेत आहे, असे मला वाटते. गावाची ओळख सुटली आहे आणि महानगराची शिस्त अजून अंगवळणी पडलेली नाही. आपल्याला अनोळखी माणसावर प्रेम करण्याची गरज नाही. त्याला उतरायला जागा द्यावी, त्याच्या कानाशी हॉर्न वाजवू नये आणि त्याच्या अंगावर थुंकू नये, एवढे पुरे आहे, आणि एवढे प्रेमाशिवायही जमते.


जुनी शुक्रवारी

एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागे बडगे, म्हणजे वाईट गोष्टींचे पुतळे, असतात आणि 'घेऊन जा गे मारबत' या आरोळीने सारे महाल-इतवारी दणाणते. महागाईचा बडग्या होतो, भ्रष्टाचाराचा होतो, परदेशी नेत्यांचाही होतो. स्वतःच्या हॉर्नचा किंवा खर्ऱ्याचा बडग्या कोणत्या मंडळाने केला, तर वर्गणी मी देईन. मात्र त्या मिरवणुकीतला ध्वनिवर्धक किती मोठा असेल, याची काळजी वाटते.


लक्ष्मीनगरची वाचक

पार्सल घेऊन येणाऱ्या दादांनी लिहिलेल्या पाटीबद्दल वाचून मी आमच्या इमारतीत पाहणी केली. पाटी नाही, पण चौकीदाराला तोंडी सूचना आहे, आणि ती कोणी दिली, हे त्याला सांगता येत नाही, किंवा सांगायचे नाही. महालकर, आपल्या इमारतीत काय स्थिती आहे?


महालकर

प्रश्न विचारलात ते बरे झाले, कारण कमाईच्या अंगाने बोलायचे, असे मीच वर लिहिले होते. मी आता महालात राहत नाही, नाव तेवढे जुने आहे. आमच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत आणि मागची लिफ्ट 'कामाच्या माणसांसाठी' आहे. हा नियम उपविधीत नाही आणि कोणत्याही ठरावात नाही. मी सचिवांना लेखी विचारले, तेव्हा 'तशी प्रथा आहे' असे उत्तर मिळाले. गेल्या रविवारच्या सभेत मी असा प्रस्ताव मांडला, की दोन्ही लिफ्ट सर्वांसाठी खुल्या असाव्यात आणि फाटकाजवळ उन्हाळ्यापुरता पाण्याचा माठ ठेवावा. माठाला सर्वांनी तत्काळ मान्यता दिली, एका काकूंनी माठ आपल्याकडून देण्याचे जाहीरही केले आणि टाळ्या पडल्या. लिफ्टवर मात्र पाऊण तास चर्चा झाली. सुरक्षा, स्वच्छता, लहान मुली, घामाचा वास असे मुद्दे निघाले. चर्चेत कोणाचाही आवाज चढला नाही, सगळे एकमेकांना 'आपण' म्हणत होते, मध्ये चहा आला. शेवटी अध्यक्षांनी विषय पुढील सभेत घ्यावा असे सुचवले आणि तसे इतिवृत्तात लिहिले गेले. पुढील सभा दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पुढच्या लिफ्टने वर बोलावतो, असे चौकीदाराला सचिवांसमोरच सांगून ठेवले आहे. त्याने सचिवांकडे पाहिले, सचिवांनी मोबाइलकडे पाहिले. बाकी प्रस्तावाच्या बाजूने कोण कोण उभे राहते, ते दिवाळीनंतर इथेच कळवीन.